कोरलचे वेळेवर उठणे

मी, उना मेव्हिस ट्रेव्हॅस्किस, कै. लेनर्ड ट्रेव्हॅस्किस यांची पत्नी, वय वर्षे शहात्तर, धंदा खुर्च्या व सोफ्यांना नवे कापड चढवण्याचा, राहणार ब्रोकन हिल, न्यू साउथ वेल्स, हे मृत्युपत्र वकिलांच्या कचेरीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वकिलांनी अर्ध्या पानाचा मजकूर तयार ठेवला होता. तो मला पुरेसा वाटला नाही. माझे डोके ठिकाणावर आहे, आणि तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कारण माझ्या डोक्याविषयी या गावात एके काळी शंका घेतली जात होती आणि ती रास्त होती. मला कोणी भरीस घातलेले नाही. माझी धाकटी बहीण कोरल पेंगली हिने तर मुळीच नाही. ती या वेळी बाहेर गाडीत बसली आहे. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितल्यामुळे ती रागावली आहे.

१. यापूर्वी सन २०११ मध्ये केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात मी माझे घर माझ्या नवऱ्याच्या, लेनच्या, पर्थमधल्या पुतण्याला दिले होते. त्या पुतण्याला मी दोनदा पाहिले आहे आणि दोन्ही वेळा तो जेवत होता. त्याच्यावर माझा लोभ नव्हता. घर कोरलला मिळू नये, एवढाच हेतू होता.

२. या मृत्युपत्राची अंमलबजावणी झेडेन्का मारोविच हिने करावी. ती माझ्या शेजारी राहते आणि एकवीस वर्षे माझ्या शेडमध्ये माझ्याबरोबर काम करते. माझे शिलाई मशीन, तिन्ही कात्र्या, बाकदार सुया, पट्टे ताणायची फळी आणि चुका म्हणजे बारीक खिळे ठोकायची लहान हातोडी, हे सर्व तिचे. मोठ्या कात्रीने कागद कापू नये. हे मी तिला जिवंतपणी पुष्कळदा सांगितले आहे. आता लेखी देते.

३. पुढच्या कलमांत कोरलला जे दिले आहे ते का दिले, हे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. नाहीतर लोक म्हणतील, म्हातारी शेवटी मऊ पडली. मी मऊ पडलेली नाही.

आमच्या रस्त्याच्या टोकाला क्लब आहे. तिथे हिरवळीवर बोलिंग चालते, शुक्रवारी सोडत असते आणि बक्षीस म्हणून मांस मिळते, आणि आत गालिचा घातलेल्या खोलीत जुगाराची मशिने आहेत. दर गुरुवारी दुपारी बोलिंग झाले की कोरल आणि मी त्या खोलीत जात असू. कोरल पोस्टात काउंटरवर होती. लग्न केले नाही. ती वीस डॉलरची एक नोट घेऊन बसायची. नोट संपली की उठायची. विसाचे चाळीस डॉलर झाले तरी उठायची. मग चहाच्या टेबलापाशी जाऊन चहा आणि एक बिस्किट घ्यायची आणि खिडकीबाहेर बघत उभी राहायची. मी मात्र बसलेलीच असायची.

तिच्या त्या उठण्याचा मला जसा हेवा वाटायचा, तसा कुणाच्या दागिन्याचा किंवा रूपाचा कधी वाटला नाही. लहानपणीही तिची चॉकलेटे ईस्टरनंतर महिनाभर पुरायची आणि माझी त्याच दुपारी संपायची. आई तिचे कौतुक करायची. लग्नानंतर लेन करू लागला. एकदा जेवताना तो सहज म्हणाला, "कोरलला बरोब्बर कळतं कधी उठायचं ते." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उलट बोलता तरी आले असते. मी कोबीची भाजी त्याच्या ताटात जरा जोरात वाढली.

४. लेन खाणीत फिटर होता. निवृत्त झाल्यावर त्याने एक जुना कॅरॅव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढायचे चाकांवरचे घर, घेतला आणि दोन वर्षे खपून तो नवा केला. आतल्या बाकांच्या गाद्या मी शिवल्या, निळ्या पट्ट्यांच्या. समुद्रकाठाने पश्चिमेला जायचे ठरले होते. २००६ च्या मार्चमध्ये लेनच्या गुडघ्याचे ऑपरेशन निघाले आणि तो अकरा दिवस ॲडलेडला इस्पितळात होता. त्या अकरा दिवसांत मी मिल्ड्युराच्या एका जोडप्याला कॅरॅव्हॅन विकला आणि ते पैसे मशिनात घातले. इथे मी काही लपवत नाही. सगळ्या गावाला ठाऊक आहे.

लेन कुबडी घेऊन बसमधून उतरला. अंगणात चार विटा आणि तेलाचा डाग उरला होता. तो पायरीवर बसला आणि बराच वेळ त्या विटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चहा आहे का गं?" पुढे त्याने त्या विषयावर एक अक्षर काढले नाही. त्याने भांडावे म्हणून मी काय काय केले ते इथे लिहीत नाही.

५. त्यानंतर लेन दर रविवारी सकाळी कोरलकडे जाऊ लागला. तिचे कुंपण मोडले आहे, म्हणाला. एवढ्याशा अंगणाचे कुंपण चार वर्षे दुरुस्त होत होते. एका रविवारी मी मागून गेले आणि तिच्या पाण्याच्या टाकीआड उभी राहिले. स्वयंपाकघराचे दार उघडे होते. लेन मटार सोलत होता, कोरल पीठ मळत होती, आणि लेन हसत होता. माझ्या घरात तो हसल्याला तेव्हा दोन वर्षे होऊन गेली होती. मी तशीच मागे फिरले आणि थेट क्लबात गेले. ज्या बाईला सगळे वेळेवर थांबवता येते, तिला हे थांबवता येत नाही का, असे मला वाटत राहिले.

२०१० साली लेन हृदयविकाराने गेला. चर्चच्या दारात लोक सांत्वनाला आले, तेव्हा त्यांतल्या तिघांनी आधी कोरलचा हात हातात घेतला. मी मोजले. कोरलचे डोळे माझ्याहून लाल होते. त्या दिवसापासून तीन वर्षे मी तिच्याशी बोलले नाही. गाव एवढेसे, त्यामुळे ती दुकानात दिसली की मी बाहेर उभी राही. पहिले मृत्युपत्र त्याच काळातले.

६. क्लबातल्या मशिनांपुढच्या चाळीस खुर्च्यांना कापड मीच चढवले आहे. रंग वाइनचा, शिवण दुहेरी, दोरा मेणाचा. २०१३ च्या ऑगस्टमध्ये एका मंगळवारी मी सकाळी क्लब उघडताच जाऊन बसले होते. दुपारी केव्हातरी माझ्या बोटांना काहीतरी गुंडाळलेले जाणवले. बघते तर माझाच दोरा. माझा उजवा हात बटण दाबत होता आणि डावा हात खुर्चीच्या आसनाखालची शिवण उसवत होता. वीतभर उसवली होती. ती शिवण आपोआप उसवत नाही. नखाने टाका टाका ओढावा लागतो, आणि त्याला तास लागतात. माझे स्वतःचे काम मी स्वतःच्या हाताने मोडत बसले होते आणि मला पत्ता नव्हता.

मी त्या खोलीबाहेर आले आणि क्लबाच्या काउंटरवरच्या फोनवरून कोरलला फोन केला. प्रेमाने केला असे कोणी समजू नये. दुसऱ्या कुणाचा नंबर मला पाठ नव्हता. मी म्हणाले, "मी क्लबात आहे." ती म्हणाली, "तिथून हलू नकोस." दहा मिनिटांत ती आली. ॲप्रन तसाच, कोपरापर्यंत पीठ.

मला या क्लबात पुन्हा मशिनांजवळ येऊ देऊ नये, असा अर्ज स्वतःविरुद्ध देता येतो. कोरलला तो कुठे मिळतो ते ठाऊक होते. मॅनेजर गार्थ पेलो यांनी कागद भरून घेतला आणि फोटो लागेल म्हणाले. तो दारावरच्या माणसाजवळ राहतो. माझ्या केसांचे घरटे झाले होते. कोरलने पर्समधून कंगवा काढला, माझा भांग पाडला आणि लहान मुलाचे पुसावे तसे माझे तोंड ॲप्रनने पुसले. तीन वर्षांत ती पहिल्यांदा मला हात लावत होती.

बाहेर गाडीत बसल्यावर मी तिला म्हणाले, "तुझं काय बाई, तुला जन्मतःच जमतं. तू उठतेस आणि निघतेस."

तिने पर्स मागच्या सीटवर टाकली. मग म्हणाली, "जमतं? मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरते, ते कधी बघितलंस का? एका हाताने धरला तर सांडतो. वीसच नेते, कारण एकवीस नेले तर एकवीस जातील. बँकेचं कार्ड घरी पिठाच्या डब्यात, अगदी तळाला. काढायचं म्हटलं तर सगळं पीठ ओतावं लागतं. दोनदा ओतलंय मी, उना. ओट्यावर पिठाचा ढीग बघितला आणि परत भरलं. एवढीच माझी अक्कल."

हे ऐकून मला धीर आला असेल, असे वाचणाऱ्याला वाटेल. मला तिचा आणखी हेवा वाटला. तिला तेवढेच अवघड जात होते आणि तरी ती उठत होती. जन्मतः जमले असते तर मी तिचा हेवा करणे सोडून दिले असते.

मग जे सात वर्षे विचारले नव्हते ते मी विचारले. "लेन तुझ्याकडे का यायचा?"

"तुझ्याबद्दल बोलायला," ती म्हणाली. "आधी विचारायचा, कोरल, तू कशी थांबतेस ते मला शिकव, मी उनाला शिकवीन. मी सांगितलं, हे असं दुसऱ्याकरवी शिकवता येत नाही. तरी येतच राहिला. उनाने कोणाचा सोफा केला, उना कशी रागावली, लग्नाआधी उना नाचात कशी पडली. तेच सांगून हसायचा. मला कंटाळा यायचा गं. मला ना नवरा ना कोणी, आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून एक पुरुष चार वर्षं दर रविवारी तुझंच नाव घेत होता. तुला काय वाटतं, मला काही वाटत नसेल?"

"काय वाटायचं?"

"तुझ्या डोक्यात मटार घालावेत असं वाटायचं," ती म्हणाली आणि तिने गाडी सुरू केली.

त्या दिवसापर्यंत मला वाटत होते की आम्हा दोघींत हेवा करण्याचे काम एकटी मीच करते.

७. सबब माझे राहते घर, मागची शेड व जमीन यांसह, कोरलला द्यावे. तिचे स्वतःचे घर याहून बरे आहे आणि ती ते मला नेहमी ऐकवते. तिने हे विकावे, भाड्याने द्यावे किंवा कोंबड्या पाळाव्यात. शेड झेडेन्काला हवी असेपर्यंत तिच्याकडून भाडे घेऊ नये.

८. बँकेत थोडी रक्कम आहे. ती गेल्या सहा वर्षांत, म्हणजे जुगाराचे मशीन सोडल्यापासून साठली आहे. माझ्या अंत्यविधीचा खर्च जाऊन उरेल ती कोरलने समुद्रकाठाच्या प्रवासावर खर्च करावी, पश्चिमेकडे, जिथे लेनला जायचे होते. अट एक. सगळी रक्कम संपवावी. अर्ध्या वाटेतून हिशेबाने परत येऊ नये. तिला उठण्याची सवय आहे. या एका वेळी तिने बसून राहावे. झेडेन्काने पावत्या तपासाव्यात.

९. गार्थ पेलो यांना मी काही देत नाही, पण आभार मानते. क्लबावर माझा राग आहे. माझ्या वाढदिवसाला फुकट जेवणाची चिठ्ठी पाठवत त्यांनी मला वर्षानुवर्षे बोलावले. गार्थवर राग नाही. अर्ज दिल्यानंतर मी दोनदा आत शिरायचा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा कोरलची हॅट आणि काळा चष्मा घालून गेले होते. गार्थ दारात आले आणि हळूच म्हणाले, "मिसेस ट्रेव्हॅस्किस, हॅट छान दिसतेय. चला, घरापर्यंत सोडतो." वाटेत ते क्रिकेटबद्दल बोलत राहिले. कोणाला सांगितलेही नाही. कोरल अजूनही दर गुरुवारी आत जाते, वीस डॉलर खेळते आणि बाहेर येते. मी समोरच्या बाकावर तिची वाट बघते. साधारण चाळीस मिनिटे लागतात. त्या चाळीस मिनिटांत माझ्या मनात तिच्याविषयी जे येते ते मृत्युपत्रात लिहिता येत नाही. पण मी आत जात नाही.

१०. माझे दफन लेनशेजारी करावे. लेनची कबर भिंतीलगत आहे, म्हणजे त्याला शेजार एकाच बाजूला आहे, आणि ती जागा माझी आहे. ती कोणत्याही कारणाने दुसऱ्या कोणाला देऊ नये. माझ्या पलीकडची जागा गेल्या महिन्यात मी विकत घेतली. ती कोरलसाठी आहे. कागद या पाकिटात आहेत. तिला अजून सांगितलेले नाही. दोघांना एकमेकांशी काही बोलायचे असेल तर माझ्यावरून बोलावे लागेल.

हे सर्व मी वाचून पाहिले आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे आद्याक्षरे घातली आहेत.

सही: उना एम. ट्रेव्हॅस्किस

वरील सही आमच्या दोघांच्या समोर झाली. सही करणाऱ्या बाई पूर्ण शुद्धीवर होत्या आणि त्यांनी दोनदा खिडकीतून गाडीकडे पाहिले.

साक्षीदार:
१. आयव्हर टी. नँकिव्हेल, निवृत्त शिक्षक
२. लॉरेटा स्कोब्ल, कचेरीतील टंकलेखिका

स्थळ: ब्रोकन हिल
दिनांक: ९ मे २०१९, गुरुवार