कागदावरची एक ओळ

४ नोव्हें.
मीटिंग. नव्या डायरेक्टरांनी आमच्या डोळ्यांच्या दवाखान्याची पाच उद्दिष्टं ठरवलीत. लेझर, चष्म्यांचं दुकान, शहरातले रुग्ण वगैरे. माझ्या कॉम्प्युटर विभागाच्या प्रत्येक कामापुढे मी लिहायचं, हे कोणत्या उद्दिष्टासाठी. ज्यापुढे काही नाही ते बंद.
जेवले नाही. भूक नव्हती.

६ नोव्हें.
बाकी सगळी कामं लिहून झाली. उरलं विभागातल्या रफीकचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी गावाकडच्या रुग्णाला आपोआप फोन जातो. भोजपुरीत विचारतो, दुखतंय का, पाणी येतंय का. ‘हो’साठी एकचं बटण दाबलं की सिस्टर उलट फोन करून बोलावून घेतात. दोन वर्षं खपला पोरगा. फोनमधला आवाज त्याच्या अम्मीचा.
"दीदी, कुछ भी लिख दीजिए ना."
पाचही उद्दिष्टं परत वाचली. कुठेच बसत नाही.

७ नोव्हें.
‘रुग्णांचा विश्वास’ लिहिलं. डायरेक्टर साहेबांनी खोडलं. "मैडम, ये तो मुफ़्त वाले मरीज़ हैं."
मी "जी" म्हटलं.
घरी अप्पा विचारत होते, मग तू काय बोललीस? सांगितलं. ते दुर्गाघाटावर फिरायला निघून गेले.

१२ नोव्हें.
फोनचं काम बंद केलं. रफीक म्हणाला, आप ही कीजिए. केलं. काही वाटलं नाही. नंतर चहा प्यायलो दोघं.

१९ नोव्हें.
चंदौलीकडची म्हातारी, ११ तारखेचं ऑपरेशन. डोळ्यात पू. डॉक्टर म्हणाल्या, चार दिवस आधी यायला हवं होतं, आता दिसेलच असं नाही. मुलगी सारखी म्हणत होती, "फ़ोन आवे के रहल, एही से अगोरत रहलीं." आपल्या फोनची वाट बघत बसल्या दोघी.
घरी सोडताना देतो त्या कागदावर अजून छापलेलं आहे: तिसऱ्या दिवशी फोन येईल. तो कागद माझ्याच विभागातून निघतो. लक्षातच आलं नाही. माझ्या.

२० नोव्हें.
साहेबांना म्हातारीचं सगळं सांगितलं. फोन परत सुरू करू या म्हटलं. पहिल्यांदाच इतकं बोलले त्यांच्याशी. शांतपणे ऐकलं त्यांनी.
"वो लाइन हटा दीजिए."
फाइल उघडली. ओळ निवडली. संध्याकाळपर्यंत तशीच. आज सुटलेल्यांना तोच कागद गेला.
रफीक दारात. "दीदी, तीसरे दिन फ़ोन कौन करेगा?"
आजची नावं आणि नंबर छापून घेतलेत. पर्समध्ये आहेत. साहेबांना माहीत नाही.