होड्या समुद्रात असताना

मुत्तुक्कुळी, १२ जून १९९४

चि. अमला हिस जेसुराणीचे अनेक आशीर्वाद.

मदुरैच्या शाळेत मास्तरीण झालीस, तरी अक्षर कोंबडीच्या पायांचंच राहिलं. तुझं पत्र मी आणि शेजारणीने मिळून वाचलं, तेव्हा कुठे लागलं.

कोळंबीच्या तळ्यांनी आपल्या विहिरी पार खारट करून टाकल्या. दर सोमवारी आम्ही तळ्यांच्या फाटकाशी धरणं धरतो. गेल्या सोमवारी पहारेकऱ्याने रोसम्मा आजीला ढकललं, आणि तुझ्या दाजींनी वल्हं उचललं. आम्ही चौघी अंगाला लोंबकळलो म्हणून निभावलं. मी खूप बोलले, तर म्हणतात, बायकांनी खुशाल गांधी व्हावं, मी सूसैच बरा. अगं, त्या पहारेकऱ्याकडे बंदूक आहे.

तंजावरचे एक म्हातारे अय्या दहा दिवसांचं अहिंसेचं शिबिर घेतात. मार खाताना हात खाली कसा ठेवायचा, आपल्याच तापलेल्या माणसाला कसं बसवायचं, हे करवून घेतात. पण दहा दिवस होड्या किनाऱ्याला म्हणजे दहा दिवस चुली थंड. परदेशातली कुठलीशी संस्था यासाठी मदत देते म्हणे. अर्ज इंग्रजीत हवा. पोरांच्या पेजेची सोय झाली तर शिबिराला बसेन, असं यांच्याकडून चर्चमधल्या मातेच्या पायांवर वदवून घेतलंय. तेवढं कर, बाळ.

माया आहे, ती अशीच ओली ठेव.
तुझी अक्का

मदुरै, ३ जुलै १९९४

ती. सौ. अक्कास, सा. न. वि. वि.

अर्ज धाडला. काय एकेक प्रश्न गं! शिबिराचा उपयोग झाला हे मोजणार कसं, असंही विचारलं होतं. मी लिहिलं, न परतवलेले फटके मोजू. दाजींना सांग, त्यांचं नाव काही घातलं नाही, पण अर्धा अर्ज त्यांच्यावरच आहे.

संस्थेच्या एक बाई दुभाष्याला घेऊन तुमच्याकडे येतील. त्यांच्या शब्दावर सगळं ठरणार. लाजू नका. बंदूक, धमक्या, वल्हं, सगळं धडाधडा सांगा.

मुलांना पापे. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, पण लिहीत जा.
तुझी अमला

मदुरै, २० ऑगस्ट १९९४

ती. सौ. अक्कास, सा. न. वि. वि.

नकार आला. बाईंनी लिहिलंय, गावात कुणाला कसलीही भीती नाही, असं सगळ्या बायका एकमुखाने म्हणाल्या. म्हणून मदत जास्त धोक्याच्या जागी द्यावी. अक्का, काय केलंत हे? मी तुला बजावून सांगितलं होतं ना? मला नुसतं रडू येतंय.

रागातही तुझीच,
अमला

मुत्तुक्कुळी, २८ ऑगस्ट १९९४

चि. अमलास अनेक आशीर्वाद.

रड, मग ऐक. बाई आल्या सकाळी. होड्या पहाटेच आत गेलेल्या. बाईंनी पहिलंच विचारलं, इथे कुणाच्या जिवाला धोका आहे का? अगं, घरधनी पाण्यावर असताना मरणाचं, रक्ताचं नाव कुठली बाई काढील? तोंडातून गेलेलं लाट ऐकते, हे आईने तुलाही शिकवलंय. सगळ्या एका सुरात म्हणालो, छे, मातेच्या कृपेने सगळं बरं आहे. संध्याकाळपर्यंत थांबा, होड्या आल्या की बोलू, अशी विनवणी केली. त्यांची गाडी होती. माशाचं कुळंब भातावर घेऊन दोनदा जेवल्या, छान म्हणाल्या आणि गेल्या. संध्याकाळी या, एवढं तू तरी कळवायचंस. मदुरैला समुद्र नाही, म्हणून विसरलीस होय?

पुन्हा अर्ज कर. शिबिर होईपर्यंत धरणं थांबवू म्हटलं, तर कुणी ऐकत नाही. विहिरी थांबतात का, म्हणतात. तुझे दाजीही येणारच. सोमवारी मी यांच्या शेजारीच बसते, मनगट घट्ट धरून.

जीव लावलास, तसाच लावत राहा.
तुझी अक्का

मदुरै, ९ ऑक्टोबर १९९४

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

दाजींच्या दफनाला आले, पण तुझ्याशी एक शब्द बोलता आला नाही. रोसम्मा आजी तेवढी सांगत होती. पहारेकऱ्याने तिला काठी घातली, तुझ्या हातातून मनगट सुटलं, दाजींनी वल्हं उचललं आणि गोळी आली. सगळं एका श्वासात, म्हणाली. तू स्वतःला बोल लावू नकोस गं. त्यांचं मनगट तुला कुठून आवरणार होतं?

आज त्या संस्थेचा कागद आला. आपण दुसरा अर्ज केलाच नव्हता. पेपरात गोळीबाराची बातमी वाचून त्यांनी आपणहून ठरवलंय की गाव धोक्याचं आहे. शिबिर मंजूर, पोरांच्या पेजेसकट. गावातर्फे तुझी सही मागितली आहे. मला तो कागद फाडून समुद्रात फेकावासा वाटतो. फाडू का? तू म्हणशील ते करीन.

मुलांना जवळ घे. मीही जवळच आहे असं समज.
अमला

मुत्तुक्कुळी, १६ ऑक्टोबर १९९४

चि. अमलास आशीर्वाद.

फाडू नकोस. सही करून पाठवते आहे. गावात दोन तट पडले. काही जण म्हणतात, सूसैच्या रक्ताचा भात आम्हाला नको. मी म्हटलं, नवरा माझा होता, मी खाईन.

मला तुझ्या संस्थेचा राग येतो, त्या बाईंचा येतो, लाटेचा येतो. यांचा तर सगळ्यात जास्त येतो. मातेच्या पायांवर शब्द दिला होता ना! शिबिराची वाट बघायला काय झालं होतं?

काल बाजारात मासे कापत होते. तो पहारेकरी जामिनावर सुटून आलाय. माझ्या पुढ्यात उभा राहिला, सुरमईचा भाव विचारला. मला ओळखलं नाही त्याने. माझा कोयता वर गेला, अमला. रोसम्मा आजीने हात धरला.

अय्यांना कळव, लवकर या. शिबिरात पहिलं नाव माझं घाल.

जेसुराणी