लकी शर्ट

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. भीती वाटली की लिहावं, डोकं हलकं होतं म्हणे. अर्थात भीती वाटण्यासारखं काही नाही. फक्त काल सूसला एका पार्टीला फ्लॅट दाखवायला नेलं, तर नवरा-बायको लिफ्टमधून दुसऱ्याच मजल्यावर उतरले आणि पुढे जिन्याने चढत गेले. लिफ्टमध्ये मी एकटाच उरलो.
लिफ्ट जुनी असणार. बिल्डिंग नवी आहे, पण लिफ्ट जुनी असू शकते.

४ मार्च
वास आहे. लिफ्टमधल्या त्या दोघांना आला असणार, आज मलाही आला. कारणही सापडलं. आबांनी नांद्याच्या आमच्या खाचरात म्हसू धनगराची मेंढरं बसवलीयेत, लेंडीखतासाठी. वारा थेट माझ्या खिडकीत.
सोळा तारखेला कोळवणच्या गौतमीला बघायला जायचंय. आधीच्या चार मुली नाही म्हणाल्या. ही पण नाही म्हणाली तर आई स्थळं बघणं सोडणार आहे, तसं तिने देवासमोर सांगितलंय. मी चौतीस वर्षांचा. एकटाच मरणार की काय, या विचाराने घाम फुटला.
आबांना म्हटलं, मेंढरं हलवा. आबा म्हणाले, खताला वरीसभर वाट बघितलीय, तू गप बस.

६ मार्च
म्हसूशी स्वतःच बोललो. जरा आवाज चढवला. तो म्हणाला, मालक, रान तुमचं हाय, आमी जातो. त्याची बायको उज्वला मेंढरांभोवतीचं जाळं गुंडाळत होती. मी जवळ गेलो तसा तिने नाकाला पदर लावला. बिचारीचा जन्म मेंढरांत गेला, तरी तिलाही सहन होत नाही.

८ मार्च
मेंढरं गेली. आबा माझ्याशी बोलत नाहीत. वास इथेच आहे.
म्हणजे तो माझाच आहे.
मोबाईलवर कारणं वाचली. कांदा, लसूण, टेन्शन, थायरॉइड, साखर, लिव्हर, किडनी. मध्ये कपड्यांचंही काहीतरी होतं, ते वर सरकवलं. किडनीपाशी आलो आणि पुढचं वाचवेना. पाठ दुखतेच आहे माझी.

१० मार्च
पौडला डॉक्टरांकडे. रक्त दिलं. डॉक्टरांनी विचारलं, कपडे रोज धुतलेले असतात का? एवढे शिकलेले डॉक्टर आणि प्रश्न धोब्याचे! म्हटलं, आई सगळं रोज धुते. लकी शर्ट सोडून.
लकी शर्टाचं इथे लिहून ठेवतो. क्रीम कलर, टेरिकॉट. तो घालून सूसच्या जागेचा सौदा जमला, तेव्हापासून आईला सक्त ताकीद आहे: साबण लावायचा नाही, गुण जातो. आधी फक्त महत्त्वाच्या दिवशी घालायचो. हल्ली रोजचाच दिवस महत्त्वाचा असतो. चारही मुलींना याच शर्टात भेटलो हे खरं, पण शर्ट नसता तर आठ नकार आले असते.

१२ मार्च
रिपोर्ट नॉर्मल. म्हणजे रोग अजून कुणाला माहीत नसलेला आहे.
निश्चय: कांदा बंद, लसूण बंद, मटण बंद. काखेत तुरटी. दोन वेळा कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ.

१३ मार्च
महत्त्वाचा शोध. अंघोळीनंतर वास अजिबात नसतो. कपडे घालून बाहेर पडलो की येतो. बाहेरच्या हवेची अ‍ॅलर्जी.

१४ मार्च
धुळवड. पोरं गल्लीत दिसेल त्याला रंगवत होती. मला बघून लांब पळाली. वचक आहे म्हणायचा.
कांदाभजी खाल्ली. चारच.

१६ मार्च, रविवार
कोळवणला गेलो. गौतमी त्यांची भातगिरणी सांभाळते. आम्हाला दोघांनाच ओट्यावर बसवलं. भीतीने काही सुचेना म्हणून सगळं खरंच सांगत सुटलो, लिफ्ट, मेंढरं, किडनी. ती इतकी हसली की चहा बशीत सांडला. मी आयुष्यात कुणाला एवढं हसवलेलं नाही.
मग हळूच म्हणाली, तुमी माणूस सरळ दिसताय, मला आवडलं. फक्त हा शर्ट धुवा आणि पुढच्या रविवारी परत या.
आवडलं म्हणाली! शर्टाचा गुण.

१९ मार्च
झोप उडालीय. धुतला तर गुण जाणार आणि ती नाही म्हणणार. नाही धुतला तर ती विचारणार. बादलीत टाकला, पाणी लागायच्या आत बाहेर काढला.

२२ मार्च
उपाय सापडला! बाजारातून नवा निळा शर्ट आणला, कडक इस्त्री. तो वरून घालायचा. लकी शर्ट आतून. तिचंही ऐकलं, शर्टाचाही मान राहिला. डोकं आहे बाबा मला.

२३ मार्च, रविवार
ऊन मरणाचं. त्यांच्याकडे लाईट गेलेली. दोन शर्ट अंगात, घाम पाठीवरून खाली चाललेला. गौतमी हसत पाणी घेऊन आली. जवळ येता येता थांबली. माझ्या गळ्याकडे बघितलं. निळ्या कॉलरीतून आतली कॉलर वर आली होती.
पेला स्टुलावर ठेवला आणि आत गेली.
उकाड्याने कंटाळली असेल.

२६ मार्च
मध्यस्थ नरहरीकाकांचा फोन. नाही म्हणाली. तिचा निरोप काकांनी जसाच्या तसा सांगितला: वासाचं काय, तो साबणानं जातो. पण एकच गोष्ट सांगितली ती ऐकली न्हाई, त्या माणसाशी जन्मभर बोलायचं काय?
जेवलो नाही.

३० मार्च, गुढीपाडवा
आईने मला न विचारता शर्ट धुतला. काळं पाणी निघालं, बादली ओतली, तरी काळंच. मी ओरडलो नाही.
दुपारी दोरीवर वाळत होता, तर मी ओळखलाच नाही. आईला विचारलं, हा कुणाचा? पांढरा आहे. मी पांढराच घेतला होता म्हणे.
घालून बघितला. कसलाच वास नाही. आबा इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलले. म्हणाले, आज चांगला दिसतोयस, कुटं निघालास?
म्हटलं, कुठं नाही.