कोंगिरला लागलेली दुआ

आदरणीय सरसेनमामा,

भाची ऐगानिमचा वाकून सलाम. आधी जनावरं कशी आहेत? घोडी व्यायली का? मग माणसं कशी आहेत? मामींचा खोकला, पोरांची पोटं? आणि सगळ्यात शेवटी (कारण विचारलं की तुम्ही चिडता) तुमचा गुडघा? बोकड ओढायच्या खेळात तुम्ही घोड्यावरून पडलात त्याला इतके हिवाळे झाले, तरी मामी म्हणतात की तुम्ही चहाला खाली बसलात की गुडघा असा कडकडतो, शेजारची कुत्री भुंकतात. मी बरी आहे. म्हणजे कालपर्यंत होते. अक्षर वाकडं येतंय ते शाळा सोडली म्हणून नाही, कुंपणावर कागद ठेवून लिहितेय म्हणून.

मी इथे कारागांडीत संशोधनवाल्यांच्या मेंढवाड्यावर आहे ते तुम्हाला माहीतच आहे. मेंढ्यांशी बोलावं लागत नाही म्हणून मला हे काम आवडतं. त्यातली तपकिरी कोंगिर म्हणजे आमची राणी. इथल्या मुख्य संशोधक राउशानबाईंनी तिच्याच अंगातल्या पेशी भांड्यात वाढवल्या, केसाहून बारीक धाग्यांच्या नळीवर चढवल्या आणि ती नळी तिच्या मानेत रक्तवाहिनीच्या जागी शिवली. धागे हळूहळू विरघळतात आणि नळी तिची स्वतःची होते. मागच्या पायाच्या गुडघ्यातली झिजलेली गादीसुद्धा तशीच नवी बसवलीय. (ती आता कुंपणावरून उडी मारते. मीच पकडून आणते.) ती धडधाकट दिसली की मोठे पाहुणे मान डोलावणार आणि मग माणसांच्या गुडघ्यांची पाळी. म्हणून तिचा केससुद्धा वाकडा होता कामा नये.

तर काल पाहुणे आले. सेमेईचे तोक्तारबाय आजोबा, खूप शिकलेले, पण वाढलेले मेंढरांतच. बाईंनी मला सांगून ठेवलेलं की कोंगिरला अंगणात आण, समोर उभी कर आणि सांग, ‘ही आमची प्रयोगाची मेंढी’. मी आदल्या दिवसापासून हे मेंढ्यांना म्हणून दाखवत होते. अंगणात गेले तर एवढी माणसं! पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. मी मान खाली घातली, कोंगिरला शिंगाला धरलं आणि नुसती उभी राहिले.

आता मामा, तुम्हीच सांगा. पाहुणा दारात, समोर धुतलेली मेंढी, धरणारी पोर मान खाली घालून गप्प. आपल्यात याचा अर्थ काय होतो? आजोबांनी डोळे मिटले, तळवे वर केले आणि कापायच्या मेंढीवरची दुआ सुरू केली. लांबलचक. त्यांच्याबरोबर सगळ्यांचे हात आपोआप वर गेले. बाईंचेही. आमीन म्हणून सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. कोंगिर मजेत रवंथ करत होती.

दामेतकेनकाकू, आमची स्वयंपाकीण, तिने तेवढ्यात कढई चढवलीसुद्धा. बाई पांढऱ्याफटक. म्हणाल्या, “काकू, ती मेंढी नाही, तो प्रयोग आहे.”

“मग प्रयोगावर आमीन कशाला म्हणालात?” काकू सुरी पुसत म्हणाली.

बाईंनी वर केलेले तळवे पटकन खिशात घातले. आजोबा बिचारे सगळ्यात जास्त हादरले. म्हणत होते, पोथ्या कितीही वाचल्या तरी दुआ झालेली मेंढी कळपात परत पाठवलेली मी पाहिलेली नाही, माझ्या घरात नातवंडं आहेत, त्यांना काही बाधलं तर? एवढी डोकी, पण कुणाला ‘सोडा’ म्हणायचा धीर होईना. काकूनं कोंगिरच्या मानेला हात लावला, नेमका नळीवर. आणि मामा, माझं तोंड उघडलं.

“आजोबा, माझी आई नायमानांची. म्हणजे तुमच्याच कुळातली. मी तुमची भाची. दुआ झाली, आता मेंढी तुमची. मला ती द्या.”

हे मला तुम्हीच शिकवलंत, की भाचीनं मागितलं तर आजोळच्यांना नाही म्हणता येत नाही.  आजोबा एवढे हसले की टोपी पडली. “गेली. भाचीनं नेली, आता मी काय करणार?” दुआ दुसऱ्या जनावराला लागू करता येईल, असंही ठरलं. कोंगिर आता माझी आहे. बाई तिला हात लावताना मला विचारतात, मला लाजून मेल्यासारखं होतं.

मोठ्यांना सलाम, छोट्यांना पापा. तुमची भाची ऐगानिम.

ता. क. पाहुणे अजून मुक्कामाला आहेत, आणि दुसरं जनावर त्यांना शोभेल असं हवं, असं काकू म्हणाली. एकदा उघडलेलं तोंड बंद कसं करायचं याची मला सवय नाही, त्यामुळे मी बोलून गेले की असा मेंढा आख्ख्या मुलखात एकच, माझ्या मामांचा काळा. मामाकडे भाचीची तीन मागणी असतात, आणि तीनही द्यावी लागतात. तुमच्याकडे हे माझं पहिलंच मागणं.

पुन्हा ता. क. पत्र घेऊन येणारा येरमेक ‘घरात बसून वाचा, उजेड चांगला आहे’ म्हणेल. उजेडाचं काही नाही, तो तेवढ्यात मेंढा गाडीत चढवतोय. मागे धावू नका, गुडघा दुखेल. पाहुणे जेवून खूश झाले तर गुडघ्यांच्या यादीत पहिलं नाव तुमचं घालायला बाईंना सांगितलंय. दुसऱ्या मागण्याच्या वेळी धावा.