सासऱ्यांसमोर चेहरा उघडता येत नसल्याने आजीच्या हयातीबाबत

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक साहेब,
गोदाकाठ ग्रामीण बँक, शाखा लोहा, जि. नांदेड.

विषय : हयातीच्या दाखल्यासाठी नात्याबाहेरचा माणूस मिळणेबाबत.
संदर्भ : "तुमच्या गावच्या केंद्रावरच जा," असे आपल्या खिडकीवरून मिळालेले तोंडी उत्तर.

महोदय,

१. विनंती की, माझी आजी साखराबाई शेषेराव पवळे, रा. बोरवाडी, ही पूर्णपणे हयात असून आज सकाळीच ती शेजारणीशी भांडली आहे. आजोबांच्या माघारी त्यांच्या पेन्शनीवरच तिचे भागते. खुरपे धरून अंगठ्याच्या रेघा झिजल्या, म्हणून मोबाईलला चेहरा दाखवणे आले. महिनाअखेरपर्यंत चेहरा न दिसल्यास पेन्शन बंद.

२. अडचण अशी की, आपल्या बँकेच्या आमच्या गावातील केंद्राचे चालक हरिओम पवळे हे पंचविशीतले असले तरी भावकीच्या पिढीने आजीचे चुलत सासरे लागतात. ते दिसताच आजी पदर नाकापर्यंत ओढून पाठ फिरवते. मोबाईलने अंबाडा पाहून "चेहरा मध्यभागी आणा" असे कळवले. हरिओम काकुळतीला आले, तर आजी भिंतीकडे बघून म्हणाली, "मामंजी, वयानं तुम्ही नातू, पर मानानं सासरे!"

३. दुसऱ्या दिवशी मामंजींनी स्वतःच्याच तोंडावर टॉवेल घेतला. आजीचा चेहरा दिसला, पण मोबाईल म्हणे, डोळ्यांची उघडझाप करा. "सासऱ्यापुढं पापण्या फडफडवू व्हय? भोकरची लेक हाय मी!" म्हणत आजी उठून घरी आली. तिसऱ्यांदा मामंजी पडद्याआड उभे राहिले, फक्त हात बाहेर. पडद्याखाली त्यांचे पाय दिसले, आणि आजी पाया पडली. चेहरा पुन्हा गायब. मोबाईल मी धरते म्हटले, तर चालकाशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा आपला नियम निघाला.

४. आजीच्या म्हणण्यानुसार, बँकेने तिला मयत धरल्यास मामंजींना सुतक लागेल व दहा दिवस केंद्र बंद राहून अख्ख्या गावाची पंचाईत होईल. हे मला तरी बरोबर वाटते.

५. सबब, मोबाईल घेऊन आपण स्वतः यावे. मात्र निघण्यापूर्वी आपले मूळ गाव व आजोळ कळवावे, आजी नाते जुळवून पाहील. भाचे निघालात तर फारच उत्तम. सासरे निघालात तर शिपाईमामांना पाठवावे. त्यांचेही आजोळ आधी कळवावे.

आजी जिवंत असल्याची रोजची साक्षीदार व आपली नम्र,
सुकन्या पवळे, इयत्ता दहावी
दि. १९ नोव्हेंबर

सोबत : ओळख पटण्यासाठी आजीचा फोटो (पाठमोरा. काढणार : मामंजी).