पाकिटावरचं मी वाचत नाही

सोमवार, ३ मार्च. सकाळी १०.
शुक्रवारी साहेब टीम लीडचं नाव जाहीर करणार. दुसरं आहे कोण? घरी सांगूनही टाकलं.
काम किरकोळ. दाताच्या दवाखान्याचे निरोप रांगेत येतात, माझं पायथनचं फंक्शन एकेक उचलून पेशंटला एसएमएस करतं. फंक्शनच्या हातात चार गोष्टी पडतात: चॅनल, मेथड, प्रॉपर्टीज, बॉडी. निरोप बॉडीत. बाकी तिन्ही म्हणजे नुसतं पाकीट. नंबर, वेळ, शिक्के. पाकीट कोण वाचत बसतं?

दुपारी ४. चालू केलं. चाळीस निरोप, चाळीस एसएमएस. आमचे प्रोग्राम तपासणाऱ्या टेस्टरबाई म्हणाल्या, मेथडमधला नंबर घेऊन रांगेला पोच द्या, नाहीतर तिला वाटेल निरोप मिळालाच नाही, आणि प्रोग्राम पुन्हा चालू झाला की ती तोच परत पाठवेल. बघतो म्हणालो. बघणार नाही.

मंगळवार.
संकल्प: रोज सकाळी प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करायचा. शिस्त! आज पंच्याऐंशी एसएमएस. माझ्यामुळे दवाखाना जोरात चाललाय.

बुधवार.
एकशे तीस. टेस्टरबाईंनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, मेथडमध्ये ‘रीडिलिव्हर्ड: ट्रू’ आहे, म्हणजे हा निरोप आधीच देऊन झालाय. बाईंचा स्वभावच संशयी. लीड झालो की समज देईन. प्रेमाने.

गुरुवार, ११.३०.
प्रोग्राम सुस्त वाटला. सात वेळा बंद-चालू केला. आता कसा चपळ झालाय.

१२.१५. दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन. ओरडत होते. एका आजोबांना ‘दाढ काढायला या’ असे अकरा एसएमएस गेले. दाढ मंगळवारीच निघाली. आजोबा घाबरून विचारतायत, उरलेल्याही काढणार का? मी म्हणालो, नेटवर्कचा प्रॉब्लेम.

१.००. मेथडमध्ये काय येतं ते गुपचूप स्क्रीनवर पाहिलं. जुन्या प्रत्येक निरोपावर ट्रू. पण एवढ्यावरून कोणी लीडपद काढून घेत नाही. साहेब मोठ्या मनाचे आहेत.

शुक्रवार, ७ मार्च.
साहेब मोठ्या मनाचे नाहीत.
लीड टेस्टरबाई. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही, जरा जास्तच. फार वाईट वाटलं. घरी काय सांगू, सुचत नाही.
नंतर त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि पोच द्यायची ओळ माझ्याकडून लिहून घेतली. एकच ओळ होती. दीड मिनिट लागलं. मग विचारलं, समजलं का?
मी म्हणालो, हो मॅडम.