चढावर सुटणारी लेस

५ सप्टेंबर, रविवार

आज पुन्हा झालं. चढाच्या मध्यावर. छातीत मासा उलटावा तसं — एकदाच, आणि मग क्षणभर काहीच नाही. ते 'काहीच नाही' जास्त वाईट!

खाली बसले. लेस बांधायचं नाटक. बाकीचे पुढे निघून गेले. धावायला शिकवणाऱ्या बाई वर उभ्या होत्या, गळ्यात शिट्टी. ओरडल्या, "बसायचं ते घरी गेल्यावर!"

उठले. धावले. काही झालं नाही.

पण झालं असतं तर?

७ सप्टेंबर, मंगळवार

बाईंनी नोव्हेंबरपर्यंतचा सगळा बेत आखून दिला. मंगळवारी वेग, गुरुवारी चढ, रविवारी लांबची धाव. मधले दिवस आराम — "आराम म्हणजे आराम, कपाटं आवरायची नाहीत!" आणि शेवटी हाफ मॅरेथॉन, एकवीस किलोमीटर. "पहिलीच आहे ना? मग घड्याळ बघायचं नाही. शेजारच्याशी गप्पा मारता येतील एवढाच वेग." इतकी वर्षं शाळेत खेळ शिकवला, अजून आम्हाला सातवीतलीच समजतात.

आईने विचारलं, कुठे होतीस? चालायला, म्हटलं. अजून तेच सांगते.

आमच्या घरात कुणी धावत नाही. बाबा बससाठी धावले आणि बसच्या पायरीवरच गेले. बेचाळिसाव्या वर्षी. तेव्हापासून आईचं एकच — "जाऊ दे, दुसरी येईल." बस असो, लिफ्ट असो. दूध उतू जात असलं तरी सावकाश!

मार्चमध्ये मीही बेचाळीसची होईन. दादा चव्वेचाळीसचा, ठणठणीत. रविवारी पोराटोरांबरोबर फुटबॉल खेळतो. तो आईवर गेलाय. मी बाबांवर — नाक, कपाळ, सगळं तेच. आतलंही तेच असणार.

म्हणूनच सुरू केलं होतं ना हे! भीती मोडायला. मोडली नाहीच. उलट आता ती माझ्याबरोबर धावायला येते.

११ सप्टेंबर, शनिवार

दुकानात दिवसभर बोटं मनगटावर. ठोके मोजायचे, चुकायचे, पुन्हा मोजायचे. एका आजोबांच्या चष्म्याची दांडी बसवत होते. स्क्रू हातातून निसटला तो थेट काउंटरखाली. गुडघे टेकून शोधतेय, शोधतेय. आजोबा वरून म्हणाले, "तुम्हालाच नंबर लागलाय वाटतं!" सगळं दुकान हसलं. मीही हसले. पण स्क्रू निसटला तो लहान म्हणून नाही; मी ठोके मोजत होते.

उद्या लांबची धाव.

१२ सप्टेंबर, रविवार

दोनदा उलटला. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर बंद होईल. नाही सांगितलं तर — पुढे लिहवत नाही.

१४ सप्टेंबर, मंगळवार

गेले नाही. ताप आहे असं कळवलं. ताप नव्हता.

१६ सप्टेंबर, गुरुवार

पकडली गेले.

चढावर पुन्हा बसले. मान वर केली तर समोर बाईंचे बूट. बाकीच्यांना वर पाठवून दिलं होतं त्यांनी. म्हणाल्या, "तुझी लेस नेहमी चढावरच कशी सुटते गं?"

मी लेस पुन्हा ओढली.

"दुहेरी गाठ मारलेली दिसतेय मला."

मग बांधच फुटला. बाबा, बस, पायरी, मासा — सगळं भडाभडा सांगून टाकलं. रडलेही. येणारेजाणारे बघत होते. बाई माझ्याशेजारी कट्ट्यावर बसल्या. मला वाटलं पाठीवर हात फिरवतील, घाबरू नकोस म्हणतील. कसलं काय! चांगल्याच उखडल्या.

"वडील या वयात गेले, तुला धडधडतं, आणि मी तुला चढ पळवतेय? मला एका शब्दाने सांगायचं नाही?" मग, "डॉक्टरांचा रिपोर्ट आणल्याशिवाय मैदानात पाय ठेवायचा नाही. एवीतेवी हरायचंच असेल तर शर्यतीत हर. भीतीने घरी बसून नको."

राग आला. त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. आणि घरी येईपर्यंत पुन्हा भीती. आता खरंच कळणार!

१९ सप्टेंबर, रविवार

फोन हातात घेते, ठेवते. दवाखान्याचा नंबर पाठ झाला.

शेवटी दादाला सांगितलं. त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसूनच. आधी हसला — "तू? आणि धावतेस?" मग हसणं थांबलं. म्हणाला, "आईला कळू देऊ नकोस. मी येतो बरोबर. गुरुवारी मला एकच शिकाऊ आहे, तोही गिअरला घाबरून येतच नाही."

२३ सप्टेंबर, गुरुवार

दवाखान्यात थंडी फार. छातीला चिकटवलेल्या त्या वायरी, मग हृदयाचा फोटो. नर्सबाई म्हणाल्या, श्वास नेहमीसारखा घ्या. नेहमीसारखा कसा घेतात तेच आठवेना!

डॉक्टर तरुण आहेत. बाबांचं ऐकल्यावर पेन खाली ठेवलं. "भावंडं किती?" मी दाराकडे बोट दाखवलं. दादा बाहेर मासिक उलटं धरून बसला होता. त्यालाही आत बोलावलं. म्हणाले, अशा वेळी सगळ्या भावंडांचं बघतो आम्ही, पद्धतच आहे.

दादा शर्ट काढताना म्हणाला, "एकावर एक फुकट आहे का हो?" डॉक्टरही हसले.

घरी आल्यावर आईने चहा दिला. दोघं एकदम एवढे शांत कसे, म्हणाली. कप बशीवर वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला.

२७ सप्टेंबर, सोमवार

अजून रिपोर्टसाठी बोलावणं नाही. बाईंचा फोन आला. धावण्याबद्दल एक शब्द नाही. जेवलीस का, झोप लागते का, एवढंच.

लागत नाही.

३० सप्टेंबर, गुरुवार

काही नाही!!! काही नाही मला!

जास्तीचे ठोके आहेत, म्हणाले. पुष्कळांना असतात. हृदय छान आहे, चांगलं दणकट. धावा. मी तीनदा विचारलं, चढसुद्धा? "चढसुद्धा." एवढी वर्षं मी कशाला घाबरले?

दवाखान्यातून थेट बाईंकडे. रिपोर्ट चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला त्यांनी. म्हणाल्या, "रविवारी ये. लेस घरूनच नीट बांधून ये."

दादाला आणखी एका फोटोसाठी बोलावलंय, बुधवारी. त्याचं चित्र नीट आलं नाही म्हणे. हलला असेल, बडबडत.

३ ऑक्टोबर, रविवार

चढ चढले. एका दमात, कुठेही न बसता! मासा उलटला एकदा. उलटू दे म्हटलं. वरून गाव केवढं मोठं दिसतं — इतके दिवस मी फक्त रस्त्याकडे बघत होते.

आज घरी आईला सांगितलं. धावते म्हणून. तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, "दादा तरी नाही ना धावत?"

६ ऑक्टोबर, बुधवार

दादाला आहे. हृदयाचा स्नायू जाड झालाय. बाबांचंही हेच असणार, म्हणाले डॉक्टर. याला कधी धडधडलं नाही, काही नाही. फुटबॉल आजपासून बंद, ठोके बिघडले तर झटका देणारं यंत्र छातीत बसवायचंय, या आठवड्यातच. वेळेवर आलात, असं डॉक्टर मला म्हणाले — त्याला नाही, मला.

परत येताना गाडी मी चालवली. सिग्नलला दादा म्हणाला, "आईला तू सांग."